हिरवं जुनेर

झुंबरबाई कुत्रं आणायला निघाली तेव्हा तिच्या नवऱ्याला हसू आवरेना.

“एष्टीत कुत्रं कोन घील गं?” कानिफनाथ म्हणाला. तो नगरजवळ नागापूरला एका नव्या कारखान्यात लागला होता आणि रातपाळी करून नुकताच घरी आला होता.

“न्हाई घेतलं तर मागनं पळत यील.”

“नगरपातूर?”

“माज्या मागं यील. तुमाला काय ठावं न्हाई व्हय?”

कानिफनाथाला ठाऊक होतं. बोलून उपयोगही नव्हता. झुंबरबाईची पिशवी आदल्या दिवशीच भरून तयार होती. तिच्यात भाकरी होती, गुळाचा खडा होता आणि कापडबाजाराच्या कोपऱ्यावर घासाघीस करून घेतलेला चामड्याचा पट्टा होता. पट्ट्याला घुंगरं होती. असला पट्टा बैलाला शोभतो, कुत्र्याला कसला घालता, असं दुकानदार म्हणाला तेव्हा ती त्याच्यावरच डाफरली होती. तिच्या कुत्र्याचं नावच मुळी बैलाचं होतं. हरण्या.

नगरला आल्यापासून झुंबरबाईनं हीच एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. पहिल्या खोलीचा मालक म्हणाला होता, माणसं ठेवीन, जनावर ठेवायचा नाही. तिला ती खोली, तो मालक आणि त्याची ती दात कोरायची काडी यांतलं काहीच आवडलं नव्हतं. पण नवऱ्याची नोकरी होती आणि गावाकडं विहिरीला पाणी नव्हतं. आता दिवस पालटले होते. कारखान्याच्या अलीकडं पत्र्याची वेगळी खोली मिळाली होती, मागं उघडी जागा होती, जागेत एक बाभूळ होती. बाभळीच्या सावलीकडं बघितलं की झुंबरबाईला तिथं कुत्रं बसलेलं दिसायचं. नवरा पाळीला गेला की ती त्या सावलीशी बोलायचीसुद्धा. शेजारणी काय म्हणत असतील त्या म्हणोत बापड्या.

एष्टी सुटली. माघातलं मऊ ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर येऊन बसलं. करंजीचा घाट चढताना गाडी अशी काही घुरघुरू लागली की झुंबरबाईचा डोळाच लागला. झोप लागली म्हणावी तर तिला गाडीतली माणसं ऐकू येत होती, आणि जागी म्हणावी तर ती आपल्या गावच्या घरात सारवलेल्या जमिनीवर निजलेली होती. उशाशी काहीतरी वाजत होतं. थाप, थाप. हरण्याची शेपटी. ती कुशीवर वळली, तिनं डोळे उघडले, नुसता हात हलवला तरी ती शेपटी जमिनीवर आपटायची. घरात दुसरा कसला आवाज नव्हता, त्यामुळं तो मोठा वाटायचा.

हरण्या तिला ज्वारीच्या काढणीत सापडला होता. एवढंसं पिल्लू, डोळेही धड उघडले नव्हते, आई कुठं गेली होती कोण जाणे. झुंबरबाईनं त्याला पदरात घालून घरी आणलं आणि कापसाची वात दुधात बुडवून पाजलं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. घरात पाळणा हलला नव्हता. गावातलं कुणी तिला तोंडावर वाईट बोलत नसे, गाव तसं सभ्य होतं. फक्त कुणाच्या घरी बारसं असलं, बायका पाळण्याभोवती जमल्या, की हमखास कुणीतरी म्हणायचं, “झुंबर, चुलीवरचं घुगऱ्याचं पातेलं जरा बघतीस का?” झुंबर उठून पातेलं बघायची. तिकडं पाळणा म्हणून व्हायचा, मग तिला हाक यायची. तिच्या अंगावरचं जुनं लुगडंसुद्धा बाळुत्याला कुणी मागत नसे. एरवी बाळंतिणीच्या घरची माणसं दारोदार जाऊन मऊ झालेली जुनेरं मागून आणायची, पण झुंबरबाईचं दार त्यांना दिसायचं नाही. तिला त्याचा राग येत नसे. तिला लाज वाटायची. आपल्यातच काही खोट आहे, असं तिनं केव्हाच मानून टाकलं होतं.

मग हरण्या आला आणि तिच्या अंगणात कुणीतरी तिची वाट बघू लागलं.

कुत्रा म्हणून त्याच्यात मोठासा गुण नव्हता, हे तीही कबूल करायची. राखणीला तो कुचकामाचा. कुठं काही हललं की निघाला धावत. ससा दिसला की सशामागं, गाडी दिसली की गाडीमागं, वावटळ उठली तर वावटळीमागंसुद्धा. कानिफनाथ म्हणायचा, चोरांनी येऊन एक चिंधी फेकली तर हा चिंधीमागं जाईल आणि मागं घर धुऊन नेतील. फक्त झुंबरबाई जिथं बसायची तिथं तो चिकटून बसायचा. ती उठली की उठायचा. ती नसली की तिच्या लुगड्याच्या घडीवर जाऊन पडायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं आणि झुंबरबाई मातीची टोपली वाहायला जाऊ लागली. हरण्या सगळ्यांच्या भाकरीच्या गाठोड्यांपाशी बसायचा आणि दुपारी सुकडी वाटली की तिच्या वाट्याची अर्धी खायचा. तिथंच तिला लंका भेटली. लंकाबाई ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, सूर्यभानची बायको. पोटुशी होती, आणि तरी टोपलं डोक्यावर घेऊन भराभरा चढायची. झुंबरबाई तिचं टोपलं निम्म्यात उतरवून घ्यायची. एवढीच ओळख. पण उन्हातली ओळख लवकर पिकते. चैत्रात कानिफनाथाचं नगरला जायचं ठरलं, तेव्हा झुंबरबाईला दुसरं नाव सुचलंच नाही.

“आक्का, आमच्याकडं सोड त्याला,” लंका म्हणाली होती. “आमचं घर रानात, येकलं. जाग ऱ्हाईल.”

“जाग कसली, माज्या बाई. ह्यो येडा हाय.”

“आसूं दे येडा.”

त्या भागात कुत्रं दुसऱ्याला द्यायची एक रीत होती. देणारणीनं आपल्या अंगावरचं एक जुनेर कुत्र्याबरोबर द्यायचं, म्हणजे नव्या जागी ते त्याच्यावर निजतं आणि झुरत नाही. घेणारणीनं तिच्या हातची भाकरी आपल्या हातानं भरवायची. मग देणारणीनं निघायचं ते सरळ निघायचं. मागं वळून बघायचं नाही. बघितलं की कुत्रं पाठोपाठ येतं, मग ते ना या घरचं राहत ना त्या घरचं.

झुंबरबाईनं आपलं हिरवं लुगडं दिलं. पार विरलेलं, पण काठ अजून शाबूत होते. भाकरी दिली. आणि मागं न बघता चालत गेली. ओढा उतरेपर्यंत तिला त्याचं रडणं ऐकू येत होतं, ओढा चढल्यावरही येत होतं, आणि खरं सांगायचं तर नगरच्या खोलीतही कितीतरी दिवस येत होतं.

“तिसगाव!” कंडक्टर ओरडला आणि ती जागी झाली.

शेवगावला पोचल्यावर तिला एक बैलगाडी मिळाली, आणि गाडीनं तिला ओढ्याच्या अलीकडं सोडलं. पुढची वाट रानातून होती. यंदा पाऊस झाला होता, ज्वारी माणसाच्या डोक्याला लागत होती, आणि दुपारची वेळ असूनही वाटेवर गारवा होता. सगळं शांत होतं. कणसांवर पाखरं होती पण तीही पेंगुळल्यासारखी. आपण चालतोय की अजून एष्टीत बसून हे बघतोय, असं झुंबरबाईला क्षणभर वाटलं. गेल्या साली इथं नुसती भेगाळलेली जमीन होती. जमीनही कूस बदलते, तिच्या मनात आलं. आता आपणही आपलं घेऊन जायचं. बाभळीखालची जागा भरून टाकायची.

तिनं मनात सगळं ठरवलं होतं. तो आधी कान टवकारणार. मग ज्वारीतून काहीतरी सळसळत येणार, आणि तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत अंगावर झेप घेणार. लुगडं मातीनं भरलं तर भरू दे, म्हणून तिनं चांगलं लुगडं नेसायचं टाळलं होतं. रोजचंच विटकरी नेसून आली होती.

ज्वारी संपली, बांध आला. बांधावर कडुलिंबाचं झाड होतं, झाडाच्या फांदीला लहान मुलाची झोळी बांधलेली, आणि झोळीखाली सावलीत हरण्या बसलेला.

“हरण्या!”

तो ताडकन उठला. त्याचं सगळं अंग हलू लागलं, शेपटीपासून मानेपर्यंत. तो रडला, तसाच, अगदी त्या दिवशी रडला होता तसाच. दोन पावलं पुढं आला. आणि मागं गेला. पुन्हा पुढं आला, पुन्हा झोळीखाली गेला, तिथं उभा राहून तिच्याकडं बघत कण्हू लागला.

विसरला की काय? पण विसरलेलं कुत्रं असं रडत नाही. मग येत का नाही? तिला मनातून त्याचा रागही आला. एवढ्या लांबून ती आली होती आणि यानं चार पावलं टाकू नयेत! तीच त्याच्याकडं गेली. ती जवळ पोचली मात्र, हरण्या आडवाच झाला. त्यानं तिच्या पायांवर तोंड घासलं, हात चाटले, कोपरं चाटली, ती खाली बसली तर तोंड चाटलं. त्याचा डावा कान अर्धा नव्हता. जखम केव्हाची भरून आली होती.

“कुनी केलं रं ह्ये? कुनी मारलं माज्या हरण्याला?”

ती त्याचा कान कुरवाळत होती, आणि तेव्हा तिची नजर वर गेली.

झोळी हिरवी होती. विरलेली, उन्हानं फिकी झालेली, पण काठ शाबूत होते. ते काठ तिच्या ओळखीचे होते. एका जागी तिनंच घातलेला टाका होता, काळ्या दोऱ्याचा, कारण त्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता.

झोळीत बाळ होतं. बाळाचा पाय हिरव्या कापडातून उमटून दिसत होता. जे लुगडं बाळुत्याला मागायला कुणी दाराशी फिरकलं नाही, त्या लुगड्यात कुणाचं तरी लेकरू निजलं होतं. यांना कळलं नाही. कुत्र्याचं म्हणून दिलेलं जुनेर यांनी चुकून पोराला वापरलं. काही बरंवाईट झालं तर? ती उठली आणि बाळाला बाहेर काढावं म्हणून तिनं झोळीला हात घातला.

“ये बाई! थांब! हात लावू नगंस, कुत्रं फाडील!”

खोपटाकडून एक म्हातारी गुडघे धरत, लंगडत लगबगीनं येत होती. ती लंकेची सासू, कडूबाई. येता येता ती मध्येच थांबली. तिनं बघितलं ते असं, की पाव्हणीचा हात झोळीत होता आणि कुत्रं तिच्या पायाशी पोट वर करून पडलेलं होतं.

“आगं आय्याय्या,” कडूबाई म्हणाली. “मला सुदिक हात लावू देत न्हाई त्यो. पोरगी रडली तर मी लांबनं गानी म्हंते. तू कोन गं?”

“मी झुंबर, मावशी. कुत्रं माजं.”

कडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि ज्वारीकडं तोंड करून हाक दिली, “लंके! ये लंके! तुजी झुंबरआक्का आली!”

लंका आली ती हातात विळा तसाच घेऊन. तिनं विळा टाकला आणि मिठीच मारली. अंगानं भरली होती, उन्हानं काळी झाली होती. झुंबरबाई मात्र काठीसारखी ताठ उभी.

“लंके, आधी पोरीला काढ,” ती म्हणाली. “ह्ये लुगडं माजं हाय.”

“मंग? मला ठावं न्हाई व्हय?”

“आगं, माजं हाय. मला… माज्याकडं लेकरूबाळ न्हाई. आसल्या बाईचं जुनेर पोराला घालत न्हाईत. तुला कुनी सांगितलं न्हाई का?”

लंकेनं सासूकडं बघितलं. कडूबाई उगाच लिंबाच्या फांदीकडं बघू लागली.

“सांगितलं की,” लंका म्हणाली. “आमच्या आत्याबाईंनी पयल्या दिवशीच सांगितलं. लई भांडल्या माज्याशी. बस खाली, सांगते.”

मग लंकेनं सांगितलं. हरण्या आला आणि त्यानं खाणं सोडलं. लुगड्याच्या घडीवर जो पडला तो उठेचना. भाकरी तिथंच नेऊन द्यावी लागली. लुगडं दारात टाकलं की तो दारात, गोठ्यात टाकलं की गोठ्यात. आषाढात पोरगी झाली. सवा महिना सरला, मग रानात कामाला जायचं म्हटलं तर पोरीला बांधावर ठेवायचं कुणाच्या जिवावर? सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना दिवसभर बांधावर बसणं व्हायचं नाही. लंका दारात उभी राहून विचार करत होती आणि समोर हा लुगड्यावर पडलेला होता. तिच्या डोक्यात आलं, हा लुगडं सोडत नाही ना? मग पोरगीच लुगड्यात घालावी.

“तवापासून मी खुशाल काम करते,” लंका म्हणाली. “दावं न्हाई, साखळी न्हाई. झोळी बांदली की ह्यो खाली. निसती लुगडं धुवायची पंचाईत. येकदा सगळं धुतलं तर दोन दिस जेवला न्हाई, लिंबाभवती फिरत बसला. तवापासून आज ह्यो पदर धुते, उद्या त्यो. अर्दं लुगडं तुजं ऱ्हातं, आक्का.”

झुंबरबाईला हसावं की रडावं ते कळेना. “आन कान?”

उत्तर कडूबाईनं दिलं.

“लांडगं आलं हुतं,” ती म्हणाली. “खुरपनी चालल्याली. ही तिकडं पार कडंला, सूर्यभान शेवगावला गेल्ता. मी दारातनं बगत हुते. गुडगं आसलं, पळता यीना. दोन हुतं. लांडग्याची रीत तुला ठावं हाय ना? येक म्होरं यून नाचतो, कुत्रं त्याच्या मागं पळतं, आन दुसरा मागनं यून कोकरू उचलतो. येक आला म्होरं. नाचला. ह्यो हललाच न्हाई गं. निसता गुरगुर, गुरगुर. त्यो लांडगा पार नाकाम्होरं आला, तरी हलला न्हाई. आन मागनं दुसरा झोळीवर आला, तवा ह्यानं त्याचा गळा धरला. कान गेला त्यात. पन झोळी सोडली न्हाई. मी वराडले, ही पळत आली विळा घिऊन, तवर पळालं दोगं बी.”

ज्वारीतून वारा गेला. झोळी जराशी हलली आणि हरण्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं, पुन्हा मान खाली ठेवली.

वावटळीमागं धावणारा तो वेडा कुत्रा नाचणाऱ्या लांडग्यामागं धावला नाही. का धावला नाही, ते झुंबरबाईला लंकेनं सांगायची गरज नव्हती. ती जिथं बसायची तिथून तो हलत नसे. तिला वाटत होतं आपण नगरला होतो. या कुत्र्याच्या लेखी ती सगळे दिवस इथंच, या लिंबाखाली होती.

“त्या दिवसापासनं मी भांडाय सोडलं,” कडूबाई म्हणाली. तिनं झोळीची गाठ दाखवली. गाठीवर हळदीकुंकवाची बोटं होती, एकावर एक, सुकून काळपटलेली. “दर ऐतवारी, लंका झोळी बांदती तवा लावते. लुगड्याला. लोकं हसत्यात, हसू दे.”

आणि मग म्हातारीनं झोळीत हात घातला. हरण्या गुरगुरला. “गप रं, तुज्या आईलाच देते,” असं म्हणत तिनं पोरीला उचललं आणि झुंबरबाईच्या मांडीवर ठेवलं. कुणी विचारलं नाही, घेतेस का म्हणून. चुलीवरचं पातेलं बघायला कुणी पाठवलं नाही. पोरीनं झोपेतच तोंड हलवलं आणि मूठ उघडून झुंबरबाईचं बोट धरलं. झुंबरबाई इतकी सुखावली की तिला भीतीच वाटली. हे स्वप्न असलं तर आता कंडक्टर ओरडेल, असं तिला वाटलं. कुणी ओरडलं नाही.

पोरगी जागी होऊन पुन्हा झोळीत जाईपर्यंत दुपार कलली. भाकरीचा काला झाला, ताक झालं. मग कडूबाईची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या पट्ट्यावर पडली.

“न्ह्यायला आलीस व्हय?”

झुंबरबाईनं मान डोलावली. तिला एकदम अपराध्यासारखं झालं, जसा काही चोरीचा माल पिशवीत सापडला होता.

“न्हे,” म्हातारी म्हणाली. “तुजं हाय. आमी कोन न्हाई म्हनायला.” लंका झोळीच्या दोरीशी चाळा करत राहिली, आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळलं ते झुंबरबाईला दिसलं.

झुंबरबाईनं पट्टा काढला. हरण्याच्या गळ्यात बांधला. घुंगरं वाजली तसा तो दचकला, मग मान हलवून हलवून वाजवू लागला, पोरीनं झोळीतून हुंकार दिला. काय देखणा दिसत होता! बैलाचा पट्टा कुत्र्याला शोभत नाही म्हणणारा तो दुकानदार इथं हवा होता. ती उठून ज्वारीच्या वाटेला लागली आणि तिनं हाक मारली, “चल हरण्या. घरी जायचं.”

तो आला. लगेच आला, घुंगरं वाजवत, उड्या मारत. मग त्याला झोळी आठवली. तो परत धावला, झोळीखाली गेला, वास घेतला, पुन्हा तिच्याकडं आला. पुन्हा गेला. तिकडं गेला की तिच्याकडं बघून रडायचा, इकडं आला की झोळीकडं बघून. त्याची जीभ बाहेर आली, पाय थरथरू लागले, तरी तो थांबेना. तिनं पुन्हा हाक मारली असती तर तो आला असता. नगरपर्यंत पळत आला असता. यात तिला तिळभरही शंका नव्हती. आणि तिथं त्या बाभळीखाली बसून त्यानं काय केलं असतं, तेही तिला दिसलं. तो शेवगावच्या दिशेला तोंड करून बसला असता.

तिला नगरची ती लांबच लांब दुपार आठवली. पत्रा तापायचा, बाहेर कारखान्याचा भोंगा व्हायचा, नंतर काही नाही. तिला कुत्रा हवा होता. आत्तासुद्धा हवा होता, कधी नव्हे इतका. तिनं तोंड उघडलं, आणि हाक न मारता ती परत लिंबाखाली आली.

“लंके,” ती म्हणाली, “ह्ये जुनेर पार विरलंय. पावसाळ्यापातूर फाटंल. फाटलं म्हंजी?”

लंकेनं मान वर केली.

“तुजं येक लुगडं दे मला,” झुंबरबाई म्हणाली.

दोघी खोपटात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा झुंबरबाईच्या अंगावर लंकेचं निळं लुगडं होतं आणि तिचं रोजचं विटकरी लंकेच्या हातात. एष्टीच्या धुळीचं, घामाचं, नगरच्या चुलीच्या धुराचं, पुरतं तिचं. लंकेनं पोरीला काढलं, हिरव्या जुनेराच्या आतून विटकरी घातलं, दोन्ही मिळून झोळी पुन्हा बांधली. हरण्या त्या नव्या कापडात नाक खुपसून किती वेळ उभा राहिला. घुंगरं होती नुसती गळ्यात, पण त्याचं शेपटीपर्यंत अख्खं अंग वाजत होतं.

झुंबरबाईनं पिशवीतली भाकरी काढून लंकेला दिली. लंकेनं ती आपल्या हातानं हरण्याला भरवली. एकदा झालेली रीत दुसऱ्यांदा झाली, पण या वेळी कुणी तिची तयारी केली नव्हती.

“येत जा, आक्का,” लंका म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

“हुरडा संपायच्या आत येते,” झुंबरबाई म्हणाली आणि निघाली.

बांध उतरून ती ज्वारीत शिरली. ऊन पिवळं झालं होतं. मागून घुंगरं वाजली, जवळ आली, आणखी जवळ. तिनं लुगडं बदललं होतं ते यासाठीसुद्धा, की त्यानं मागं येऊ नये, त्याला आपला वासच लागू नये. ती समोर बघत उभी राहिली. हरण्या पुढं आला. त्यानं निळ्या लुगड्याचा वास घेतला, काठाचा घेतला, निऱ्यांचा घेतला. मग त्यानं तिचा उजवा हात चाटला. तळवा, मग एकेक बोट, मग मनगट, लहानपणापासून चाटायचा तसाच. लुगड्यानं तो फसला नव्हता. कुणाचा हात चाटतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिनं हाक मारली नाही आणि जा असंही म्हटलं नाही. एवढं मात्र तिनं केलं, की हात मागं घेतला नाही.

घुंगरं वळली. आधी सावकाश वाजली, मग धावत गेली, आणि लिंबापाशी जाऊन थांबली.

मागं वळून बघायचं नाही, अशी रीत होती. बघितलं की कुत्रं पाठोपाठ येतं. मागच्या वेळी मान मोडेपर्यंत तिनं ती रीत पाळली होती. या वेळी झुंबरबाई ज्वारीच्या वाटेवर सरळ मागं फिरली आणि डोळे भरून बघत राहिली. लिंबाखाली झोळी हलत होती, वर हिरवी, आतून विटकरी. खाली हरण्या बसला होता, तिच्याकडं तोंड करून. त्यानं तिला बघताना बघितलं. त्याची शेपटी जमिनीवर आपटली, थाप, थाप, आणि तो जागचा हलला नाही.

झुंबरबाईला रडू फुटलं. तिनं पदर ओढून डोळ्यांना लावला. पदर लंकेचा होता, आणि त्याला दुधाचा वास येत होता.